एकसष्टावा प्रश्न

२ जानेवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठ्या अधिकाऱ्यांना ही सवय असते असं ऐकून आहे. ‘कनिष्ठ कोषागार अधिकारी’ या पदात ‘कनिष्ठ’ असलं तरी शेवटचा शब्द अधिकारीच आहे.
परीक्षा मार्चमध्ये. यंदा माझं वय बसतं, पुढच्या वर्षी बसणार नाही. म्हणजे ही शेवटची संधी. लोक याला टेन्शन म्हणतात, मी फोकस म्हणतो.
टाइमटेबल करायला घेतलं. लेखाशास्त्र लाल पेनाने, गणित निळ्याने, कोषागार नियम हिरव्याने. हिरवं पेन चालेना. आणायला गेलो.

२ जानेवारी, संध्याकाळी
पेन मिळालं. दिवस गेला. पण टाइमटेबल असं झालंय की आई भिंतीसमोर उभी राहून बघत बसली. अभ्यास उद्यापासून. पाया पक्का झाला की इमारतीला कितीसा वेळ लागतो.

५ जानेवारी
मामा जेवायला आले होते. त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, बरोबर परीक्षा आयोगाच्या ऑफिससमोर. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. बाबा गेल्यापासून आमचं घर त्याच दुकानावर चाललंय. मामा हे कधी बोलून दाखवत नाहीत, त्यामुळे ते जास्तच लागतं.
आज मात्र ताटावरून उठता उठता म्हणाले, “हे बघ, झालास अधिकारी तर मी स्वतः तुला ऑफिसात सोडायला येईन. नाही झालास तर निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर बसायचं. माझे गुडघे आता उभे राहत नाहीत.”
आई माझ्याकडे बघत राहिली. मी लगेच हो म्हणून टाकलं. तशी वेळच येणार नाही, तर हो म्हणायला काय जातंय?

९ जानेवारी
अभ्यासिकेत सकाळी सातला हजर. गाद्यांच्या दुकानावरचा हॉल, त्यात खुराड्यांसारखी टेबलं. तीन बाजूंना प्लायवूड आणि चौथ्या बाजूला मी. इथला सगळ्यांत जुना मेंबर मीच. खिडकीजवळची, पंख्याखालची जागा माझी, हे नव्या मुलांनाही न सांगता कळतं. ती मला ‘सर’ म्हणतात. पदाच्या आधी मान मिळालेला असा माणूस विरळाच.
आज तीन जणांना मार्गदर्शन केलं. स्वतःचं वाचन उद्या.

१७ जानेवारी
पंखा आवाज करतो. मालकाला सांगितलं. अशा आवाजात कोणाच्या डोक्यात काही शिरेल का?

१८ जानेवारी
पंखा दुरुस्त झाला. आता इतकी शांतता आहे की झोप लागते.

२६ जानेवारी
शेजारच्या टेबलावर एक नवा गृहस्थ आलाय. सकाळी कुरियरच्या ऑफिसात काम करतो, दुपारनंतर इथे. त्याचा फोन आणि तो, दोन्ही सायलेंट. म्हणून मी त्याचं नाव ‘सायलेंट’ पाडलं, सगळ्यांना आवडलं. एकच पुस्तक आणलंय, ओळीवर बोट ठेवून वाचतो. मी त्याला समजावलं की या परीक्षेला किमान सहा लेखक लागतात. माझ्याकडे अकरा आहेत. त्याने विचारलं, त्यातले वाचून किती झाले? अननुभवी माणसं असे प्रश्न विचारतात.

८ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात उभ्या होत्या. “सध्या काय करतोस?” हा प्रश्न त्या मला गेली कित्येक वर्षं त्याच पायरीवर विचारतात. हल्ली त्यांचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मी घराबाहेर पडत नाही. आज दार लागायला फार उशीर झाला, त्यात सकाळचं सेशन बुडालं. याला जबाबदार मी नाही.

९ फेब्रुवारी
चुलत बहिणीच्या लग्नाला गेलो नाही. अभ्यासाचं कारण सांगितलं. दिवसभर टाइमटेबल नव्याने केलं, कारण जुन्यातल्या तारखा उलटून गेल्या होत्या. संध्याकाळी आई लग्नाहून परतली. कोणी कोणी माझी चौकशी केली ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी
चहा सोडला.

२४ फेब्रुवारी, दुपारी
डोकं दुखतंय. परीक्षेच्या तोंडावर शरीराशी प्रयोग करू नयेत. चहा धरला.

११ मार्च
सराव पेपर दिला. गुण लिहीत नाही, कारण पेपर काढणाऱ्याचा दर्जाच सुमार होता. सायलेंटला म्हणे चांगले पडले. सुमार पेपरात सुमार माणसं चमकतात.

२२ मार्च, परीक्षा झाल्यावर
दिला! एकूण शंभर प्रश्न, प्रत्येकाला दोन गुण, चुकलं तर अर्धा वजा. लांबलचक प्रश्न मी शेवटाला ठेवले, ही माझी स्ट्रॅटेजी. शेवटची घंटा होत आली तेव्हा काही गोळे रिकामे होते, ते झपाझप एका रांगेत काळे केले. टाइम मॅनेजमेंट यालाच म्हणतात.
बाहेर चहाच्या गाडीवर चर्चा रंगली. सगळ्यांचं अडलं एकसष्टाव्या प्रश्नावर. कोषागाराच्या तिजोरीला दोन कुलपं असतात, दोन अधिकाऱ्यांकडे एकेक किल्ली. एक जण रजेवर गेला तर त्याची किल्ली कोणाकडे द्यायची? सायलेंटने पहिल्यांदाच चारचौघांत तोंड उघडलं. त्याने दुसरा पर्याय लिहिला होता : रजेवरच्या माणसाचा पदभार जो घेईल त्याच्याकडे. मी म्हणालो, “अर्थात! मीही तेच लिहिलंय.” मग पोरांना पटवूनही दिलं, की किल्ली उरलेल्या अधिकाऱ्याकडेच दिली तर दोन्ही किल्ल्या एकाच खिशात येतील, मग दोन कुलपं लावली कशाला? पोरं ऐकत राहिली. मला स्वतःलाच माझं बोलणं फार पटलं.

३ एप्रिल
आयोगाने पहिली उत्तरतालिका लावली. मी स्मरणशक्तीवर गुण मोजले. काठावर आहे, पण आतल्या बाजूला. आणि एकसष्टाव्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलंय पर्याय एक! म्हणजे किल्ली उरलेल्या अधिकाऱ्याकडे. दोन्ही किल्ल्या एका खिशात! हे आयोग आहे की चेष्टा?
हरकत घ्यायला आठवडा आहे. माझे हक्काचे दोन गुण मी सोडणार नाही.

४ एप्रिल
कामाला लागलो. नियमपुस्तकातली पानं, जुनी परिपत्रकं, सगळ्याच्या प्रती मामांनी स्वतः काढून दिल्या. मशीनचा पट्टा घासला जाईपर्यंत काढल्या. मामा म्हणाले, एवढी मेहनत परीक्षेआधी घेतली असतीस तर? मी म्हणालो, मामा, ही तत्त्वाची लढाई आहे. ते गुडघा चोळत खाली बसले.

६ एप्रिल
हरकतीचा अर्ज एकोणीस पानी झाला. आयुष्यात इतकं सलग मी कधी लिहिलं नव्हतं. अभ्यासिकेत मोठ्याने वाचून दाखवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या अर्जाच्या प्रती काढून आपापल्या नावाने हरकती भरल्या. पंख्याखाली उभा होतो, पण घाम फुटला होता. आनंदाचा.
सायलेंटने नंतर बाजूला घेऊन विचारलं, “सर, तुमच्या उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी बघितलीत ना एकदा?” मी त्याला सांगितलं की मी काय लिहिलंय हे मला माहीत नसेल तर कोणाला असेल? परीक्षा संपल्यावर मागे वळून बघायचं नाही, हा माझा नियम आहे. कॉपी आईने कपाटात कुठेतरी जपून ठेवलीय. फ्रेम करायच्या वेळी काढू.

२ मे
अजून काही नाही. रोज आयोगाची वेबसाइट उघडतो. मामांनी काउंटरमागे एक नवी खुर्ची आणून ठेवलीय, पाठ टेकता येईल अशी. म्हणाले, स्वस्तात मिळाली. मी तिच्यावर बसलो नाही. उभ्यानेच बोललो आणि निघालो.
सायलेंट मात्र पुढच्या कुठल्याशा परीक्षेला लागलाय, तेच पुस्तक, तेच बोट.

१९ मे, सकाळी
जिंकलो!! अंतिम उत्तरतालिका आली. प्रश्न एकसष्ट : सुधारित उत्तर, पर्याय दोन. एका माणसाने आख्ख्या आयोगाला नमवलं! पोरांनी मला खांद्यावर घेतलं, त्यात प्लायवूडचं एक पार्टिशन पडलं. आईला फोन केला. ती रडली. मामांना फोन केला तर म्हणाले, “निकाल लागला का?” मी म्हणालो, लागल्यातच जमा आहे. त्यांच्या स्वभावात उत्साह नाही.
जिन्यात काकू भेटल्या. पहिल्यांदाच मी स्वतःहून थांबलो आणि काय करतो ते सांगितलं.

३० मे, दुपारी
निकाल लागला. यादीत माझं नाव नाही. सायलेंटचं आहे, शेवटून दुसरं.
घोटाळा उघड आहे. गुणपत्रकात एकसष्टावा प्रश्न चूक धरून माझा अर्धा गुण कापलाय. जो प्रश्न मी बदलायला लावला, तोच मला चूक! यादीतल्या शेवटच्या उमेदवारापेक्षा मी दीड गुणाने मागे आहे. यांचं मशीन बिघडलंय. ताबडतोब दुसरी हरकत. आईला कार्बन कॉपी शोधायला सांगितली, ती घेऊन तडक मामांकडे निघालो.

३० मे, संध्याकाळी
मामांनी कॉपी मशीनच्या काचेवर ठेवली आणि झाकण लावायच्या आधी चष्मा सरसावून वाकून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, “एकसष्टला तू पहिला गोळा काळा केलायस रे.”
मी म्हणालो, शक्यच नाही. त्यांनी कॉपी माझ्यापुढे धरली. अठ्ठावन्नपासून पासष्टपर्यंत सगळे पहिले गोळे, एका रांगेत, एकाखाली एक. चहाच्या गाडीवर जे बोललो ते नंतर इतक्यांदा बोललो, की पेपरात लिहिलेलं ते नव्हतंच, हे विसरून गेलो होतो.
मामांनी विचारलं, म्हणजे त्यांनी आधी दिलेलं उत्तर तसंच राहू दिलं असतंस, तर?
मी हिशोब केला. तोंडीच होण्यासारखा होता : कापलेला अर्धा परत, वर दोन. म्हणालो, तर मी यादीत असतो.
मामा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कॉपी नीट घडी करून माझ्या खिशात ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळले.
घरी आईने आल्या आल्या चहा पुढे केला. तिला मामांचा फोन आला असणार. मी टाइमटेबल भिंतीवरून काढलं. मागे भिंतीचा रंग वेगळाच राहिलाय, अगदी नवा.

३१ मे
काउंटरवर बसलो. हे तात्पुरतं आहे. वयाच्या अटीविरुद्ध निवेदन द्यायचा विचार आहे. मसुदा डोक्यात तयार आहे. खुर्ची खरंच चांगली आहे.

६ जून
निवेदन सुरू केलं नाही, कारण वेळच मिळत नाही. ‘एकसष्टवाले सर’ इथे बसतात, ही बातमी सगळ्या अभ्यासिकांत पसरलीय. दुसऱ्या कुठल्या परीक्षांची पोरंसुद्धा हरकतीचे अर्ज लिहून घ्यायला येतात. मामांनी दाराबाहेर नवा बोर्ड लावला : ‘हरकत अर्ज तज्ज्ञांकडून करून मिळतील’. मी म्हणालो, एवढं कशाला? पण ‘तज्ज्ञ’ हा शब्द जरा मोठा करून घेतला.

१७ जून
सायलेंट आला होता. नेमणुकीच्या पत्राच्या आणि दाखल्यांच्या प्रती हव्या होत्या. दुकान भरलेलं होतं. त्याने सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, “सर, ते दोन गुण तुम्ही मिळवून दिलेत. नाहीतर मी आजही कुरियरची पाकिटं लावत बसलो असतो.” एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तो मनापासून बोलत होता, त्याचे डोळे भरले होते.
मी प्रती काढायला वळलो. नेमणुकीचं पत्र काचेवर उलटं ठेवताना पहिल्यांदाच एका पत्रावर ते पद छापलेलं पाहिलं. मला रडू आलं. सगळ्यांकडे पाठ होती म्हणून निभावलं. मामांनी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत.
तो गेल्यावर रांगेतली दोन पोरं पुढे सरकली. त्यांना याच परीक्षेचा पुढच्या वर्षीचा फॉर्म भरायचा होता. दोघांचे फोटो चिकटवले, जन्मतारखा तपासल्या. भरपूर वर्षं शिल्लक आहेत दोघांकडे. त्यातल्या एकाने अदबीने विचारलं, “सर, तुमची स्वतःची निवड कोणत्या वर्षीची?”
मी म्हणालो, “इथे सही कर.”