डोळे चांगले निघाले

शुक्रवार, संध्याकाळ. कामोठे, मावशीचं घर.

डोळे चांगले निघाले. आता मागे फिरायला कारणच उरलं नाही.

बारावीनंतर जहाजावर अधिकारी व्हायचं, हे घरी भांडून मीच ठरवलं. प्रशिक्षणाच्या अर्जाआधी डोळे तपासायचे होते, म्हणून बाबा आज मासेमारीला न जाता आमच्या करंजा गावाहून पनवेलला आले. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांत लपलेला आकडा सांगायचा. रंग ओळखता आले नाहीत तर जहाज कायमचं बंद.

मला सगळे आकडे लख्ख दिसत होते. तरी एका पानावर गप्प बसले. चुकीचं सांगितलं तर सुटेन, असं का वाटलं मला? कुणालाच कळलं नसतं. शेवटी खरा आकडा सांगितला. पण ते पान अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

रिक्षात धीर करून बाबांना म्हटलं, "मला भीती वाटते. महिनोन्महिने समुद्रावर, आणि मुलगी मी एकटीच असले तर?"

मला वाटलं म्हणतील, मग राहू दे. तेच ऐकायचं होतं का?

बाबा म्हणाले, "दर्याचं भ्या मला अजून वाटतं. ज्याला वाटत नाय, त्याला मी माझ्या बोटीवर घेत नाय."

मावशीकडे आल्यावर अर्ज भरला. पाठवलासुद्धा. मावशी जेवायला हाका मारतेय आणि माझे पाय इतके गार पडलेत की उठवत नाहीये.