पाऊस काढणार नाही

देवरी, १२ जून १९५८

नागपूरहून प्रबंध परत आला. धानावर जगणाऱ्या घराने किती खावे आणि किती बियाण्याला राखावे, याचे गणित मी दोन वर्षे शाळेची नोकरी सांभाळून मांडले. माझ्या मार्गदर्शक सरांनी पावसाच्या प्रत्येक ओळीवर लाल रेघ मारली आहे. समासात लिहिले आहे, "पीक ठरलेले धरा. उत्तर सुटसुटीत येईल."

येईल. पण कोणाच्या घराचे?

मीच चुकले का? ती लाल रेघ डोळ्यांपुढून हलेना, म्हणून संध्याकाळी शेजारच्या फुलाबाईंकडे गेले. त्या बियाणे पाखडत होत्या. अर्धे टोपलीत ठेवले, अर्धे परत कोठीत ओतले.

"सगळे का नाही पेरत?" मी विचारले.

"पाणी का सांगून येते, बाई? पयली पेरणी वाळली, तं दुसरीले काय पेरू?"

"आणि तोवर खाणार काय?"

"पेज पातळ करू. बिजं नाही खाऊ."

पाऊस जितका बेभरवशाचा, तितके जास्त राखावे. हे सिद्ध करायला मला चार पाने लागली, आणि लाल रेघ नेमकी त्याच निष्कर्षावर आहे.

घरी येऊन सरांना लिहिले, "पाऊस काढणार नाही. काढला तर हे गणित इथल्या एकाही घराचे राहत नाही. पदवी अडवायची तर अडवा."

शेवटचे वाक्य उद्धट झाले. दोनदा वाचले, खोडले नाही. ऋणनिर्देशात फुलाबाईंचे नाव सरांच्या वर घातले आणि पत्र स्वतः जाऊन टपालपेटीत टाकले.