जीपचं दावं

देवळाली प्रवरा,
कार्तिक, १९७१

चि. कानिफनाथ,

तुझी जीप आज इकली. तू भिलाईला नोकरीवर गेल्यापासून तीन दिवाळ्या ती गोठ्यातच उभी हुती. सोनईच्या एका कापडवाल्या शेटनं घेतली. ते जीपमधी बसले आन् म्हनले, "आबा, चावी?"

चावीला तू बांधलेली सुतळी मी सोडत हुतो. बैल इकला तरी त्याचं दावं आपन ठेवून घेतो, दावन रिकामी राहू नये म्हनून. शेट हसले, पर थांबले.

सुतळी आता गोठ्यातल्या खुंट्याला बांधलीय.

तू निघालास तवा मी एष्टीपर्यंत आलो, पिशवी हातात दिली, आन् तुझं काहीच ठेवून घेतलं न्हाई.

हे पत्र टाकनार न्हाई. तुला वाटंल, म्हातारा बोलावतोय.

हितंच असलेला,
आबा