बेलूरचं प्लायवुड

३ मार्च १९८३, गुरुवार. नवनगर.
गाडी अंगणात येऊन आठ दिवस झाले. जुनी रुग्णवाहिका. आत पुस्तकांची कपाटं, एक बाक, दोघांना आडवं होण्यापुरती जागा. वैशाखी पौर्णिमेला निपाणीत पहिलं व्याख्यान, मग गावोगाव. वीस वर्षं एकटा बसनं हिंडलो, लीला घरी. या खेपेला ती येणार म्हणते. दम्यासकट.
आतून नुसता पत्रा. दुपारी हात लावता येत नाही, पहाटे पाझरतो. लाकडाचं अस्तर हवंच. बडिगेर मेस्त्री म्हणाले, आधी लाकूड ठरवा अण्णा, मापं मागून.
घसा बसलाय. तीन दिवसांत दोन सभा. कंटाळा सभेचा नाही, त्याच त्या वाक्यांचा.

५ मार्च.
मेस्त्रींबरोबर केशवापूरच्या वखारीत. सागवानी फळ्या जड, गाडी चढावर बसेल. हार्डबोर्ड हलका, पण दमट हवेत फुगतो. राहिलं प्लायवुड. दोन जातींचं होतं. एकाचा वास लांबूनच नाकात गेला. दुसरं छान, कडेला काळसर डिंकाच्या रेघा, वास जवळजवळ नाहीच. उलटं करून पाहिलं तर धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्याचा शिक्का. हात मागे घेतला.
त्या कारखान्यात संप चालू आहे, तिसरा महिना. फेब्रुवारीत फाटकासमोर मीच बोललो होतो: कामगार आत जाईपर्यंत इथलं लाकूड माझ्या दारात येणार नाही. सगळ्यांकडून हात वर करून तीच शपथ घेतली. धारवाडचे दोन सुतार अजून त्या शब्दावर गिऱ्हाईकं परत पाठवतात.
मेस्त्रींना ठाऊक आहे. ते शिक्क्याकडे न बघता म्हणाले, माल चांगला आहे, एवढंच सांगतो.
वासाचं घेतलं.

८ मार्च.
मेस्त्रींची जुनी रीत. लाकडाचा वीतभर तुकडा झाकणाच्या डब्यात घालून दिवसभर उन्हात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी उघडून नाक लावायचं. मला न विचारता त्यांनी बेलूरचाही एक तुकडा आणला होता. डबे लीलाकडून घेतले. ती म्हणाली, लोणचं काढून क्रांती भरताय, भरा.

९ मार्च.
डबे उघडले. आमच्या लाकडाच्या डब्यावर वाकलो आणि डोळ्यांतून पाणी. बेलूरच्यात नुसता भुशाचा वास.
मी म्हणालो, वास उडून जाईल, आठ दिवस दारं उघडी ठेवू. चढ्या, ठाम आवाजात म्हणालो. सभेत हाच आवाज लागतो. मेस्त्री काही बोलणार होते, राहिले. चाळीस वर्षं लाकडात काढलेला माणूस आणि मी त्याला भाषणानं गप्प केलं.

१३ मार्च, रविवार.
दोन्ही बाजू बसल्या. दिसायला सुरेख. दुपारी लीला उशी घेऊन आत गेली, झोपून बघते म्हणाली. मी पडवीत टिपणं काढत होतो. अर्ध्या तासानं शिट्टीसारखा आवाज. बाहेर आणलं तेव्हा ओठ निळसर. वाफ, गोळी, पाठ चोळणं. दिवेलागणीला श्वास खाली बसला.
टिपणं फाडली.

१४ मार्च.
मेस्त्री सकाळी आले आणि काही न विचारता स्क्रू काढायला लागले.
लीला भिंतीला टेकून बसली होती. दुसरं लाकूड आहे का, तिनं त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शपथेचं सांगितलं. तीही होती त्या सभेला, बायकांच्या मागच्या रांगेत.
म्हणाली, "शपथ तुमची. मी हात वर केला नव्हता."
खोकत होती तेव्हा. मला मंचावरून दिसलं होतं.

१५ मार्च.
मेस्त्रींचा मुद्दा: वखारीतला माल संपाआधीचा, मालकाचे पैसे केव्हाच पोचले. फळीच्या पाठीवर कारखान्यातल्या प्रेसवरच्या कामगारानं पेन्सिलीनं मारलेल्या खुणा दाखवल्या. हे त्यांच्याच हातचं आहे अण्णा, म्हणाले.
पटलं. म्हणूनच भीती वाटली. दुसऱ्या कुणी हा मुद्दा मांडला असता तर सभेत दोन मिनिटांत चिंध्या केल्या असत्या.

१७ मार्च.
बेलूरला गेलो. फाटकासमोरच्या मांडवात पंधराएक जण उरलेत, बाकीचे गावी शेतकामाला. इराप्पा, संपाचा पुढारी, दाढी वाढलेली. बायको मिरच्या निवडायला जाते म्हणाला. सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. किंवा म्हणेल, घ्या की अण्णा, त्यात काय. दोन्हींची तयारी करून गेलो होतो.
चहा पुढे केला. मग, "एकट्याला काय विचारता? सगळ्यांसमोर बोललात, सगळ्यांसमोर विचारा. रविवारी सभा आहेच. यल्लारू हूं अंद्र तगोरी." सगळे हो म्हणाले तर घ्या.
नाही म्हणाले तर?
"मग नाही."
परत येताना बसमध्ये डोळा लागला, नवनगर मागे गेलं. हुबळीहून उलटा आलो.

१९ मार्च.
भाषणं शेकड्यांनी केली. स्वतःसाठी फाटकासमोर काही मागितलं नाही. हो म्हणाले तर उद्या प्रत्येकाला शपथ मोडायला घरचं एक कारण असेल, आणि खरंच असेल. ते दोन सुतार कुणाच्या तोंडाकडे बघतील. नाही म्हणाले तर लीला पुन्हा घरी. मग मीही जाऊ नये हे उघड आहे, पण ती मला थांबू देणार नाही, आणि थांबून मी करणार काय, हे...

२० मार्च, रविवार.
सकाळी लीलाला म्हणालो, तू येऊ नकोस. तुला समोर बघून कुणी नाही म्हणणार नाही, ते बरं नव्हे.
ती पांढरी साडी नेसत होती. "म्हणजे मला न बघताच माझं ठरवणार?"
मी म्हणालो, लोकांवर दडपण येईल. म्हणाली, येऊ दे थोडं, माझ्यावर वीस वर्षं आहे.
अकराची बस. पहिलं वाक्य सुचलेलं नाही. ती चप्पल घालून दारात उभी आहे, छातीतली घरघर इथवर ऐकू येतेय. मी अजून लिहीत बसलोय.