अक्षर इडलीएवढं

मणीअण्णा,

पुण्याहून तुझ्या साईप्रियाचा तंजावरच्या घराला नमस्कार.

अप्पांचा कंपवात आपल्यात उतरेल का, म्हणून मी रक्त तपासून घेतलं. त्यांच्या जनुकातला बदल माझ्यातही निघाला. घाबरू नकोस! डॉक्टरबाई म्हणाल्या, धोका थोडा वाढतो, पण असा बदल असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही. त्या आनंदात दोन डोसे जास्त खाल्ले. इथलं सांबार मात्र गोडमिट्ट!

कावेरीला पाणी आलं का? अप्पा कॉफी स्वतःच्या हातानं पितात ना?

हात थरथरायच्या कितीतरी आधी त्यांचं अक्षर मोहरीएवढं झालं होतं, आठवतं? माझं बघ, इडलीएवढं आहे.

तुला तपासणी नको तर नको. पण उत्तर फोनवर देऊ नकोस, अण्णा. हातानं लिही.

तुझी धाकटी,
साईप्रिया