बाबा हयात आहेत

प्रिय आई,

लांबूनच पाया पडते. मी बरी आहे, खोकला गेला, डबा संपवते.

तू दिलेले फोटो वंशावळीसाठी पाठवले. ती जमवणाऱ्या बाईंनी फोनवर विचारलं, "वडील हयात?" बाबा आपल्याला टाकून गेले हे सांगायची लाज वाटली गं. मी म्हटलं, "नाहीत." वंशावळीत तसंच लिहून ती सगळ्या नातेवाइकांना गेली.

काल बाईंचा फोन आला. बाबांनीच त्यांना कळवलं, "मी धडधाकट आहे. पण पोरीला रागावू नका."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. दुरुस्ती करायला सांगितलीय.

तुला सांत्वनाचे फोन आले का? कुणी विचारलं तर मला सांभाळून घेऊ नकोस. पोरगी खोटं बोलली, असंच सांग.

तुझी,
धाकटी