तिसरा आरसा

डुलुथ, ४ मार्च

चि. मारेनला काकूचे भरभरून आशीर्वाद.

सोमवारी सकाळी पायऱ्यांवरचा बर्फ काढला, ओट शिजत ठेवले आणि न्हाणीघरातला आरसा पुसायला घेतला. तुझ्या काकांनी सिनेमाहून आणलेला थ्रीडी चष्मा तिथेच खिळ्याला होता. सहज चढवला, एक डोळा मिटला. आरशात मिटलेला डोळा स्वच्छ दिसला आणि ज्या उघड्या डोळ्याने पाहत होते, त्याचीच काच काळीकुट्ट! ओट करपले.

मग लायब्ररीत तीन दिवस वाचलं. त्या काचांतून निघणाऱ्या प्रकाशाला दोरीसारखा पीळ असतो, एकीतून उजवा, दुसरीतून डावा. आरशावर आपटला की पीळ उलटतो, मग तीच काच त्याला परत आत घेत नाही.

तुझ्या पत्रात होतं की तुमच्या प्रयोगशाळेच्या हिशेबाने लेसरचा पीळ उजवा, पण तिथे तंत्रज्ञ असताना ऑरिनकाकांनी लिहिलेल्या वहीत डावा. म्हणून महिनाअखेरीस छापायच्या शोधनिबंधात 'तंत्रज्ञाची चूक' अशी तळटीप जाणार. अगं, हा माणूस मोजे उलटे घालायचा, पण मोजमाप कधी उलटं लिहिलं नाही. लेसरच्या वाटेतले आरसे तुम्ही मोजलेत, की नुसता नकाशा पाहिलात?

लवकर कळव.
व्हर्ना काकू

११ मार्च

ती. काकूस मारेनचा नमस्कार.

घाईत लिहितेय, अक्षर चालवून घे. लेसर जाते ती नळी उघडायला लावली, तेव्हा आमचे प्रमुख पेल्टियर म्हणाले की आता सिनेमाच्या चष्म्यावर विज्ञान चालणार वाटतं. नकाशात आरसे दोन. आत तीन! पाण्याच्या पाइपला वळसा घालायला काकांनी तिसरा बसवलेला, मागे त्यांची सही. दोन आरशांनी पीळ होता तसाच राहतो, तिसऱ्याने उलटतो. चूक आमची! पेल्टियरांनी आरसे स्वतः पुन्हा मोजले, मग काकूला नोकरी हवी का विचार म्हणाले.

तळटीप गेली. काका आता लेखकांच्या यादीत, दोनशे बारा जणांत, आडनाव एकच म्हणून माझ्या लगेच खाली. लेखक हयात नसेल तर नावापुढे कट्यारीसारखी बारीक खूण छापतात. सोबतच्या कागदावर त्या खुणेसाठी एक चौकट आहे, तीत हो की नाही, ते तूच लिही.

माया आहे तशीच असू दे.
मारेन

१९ मार्च

चि. मारेनला आशीर्वाद.

पत्र मंगळवारी मिळालं. उभ्याउभ्याच तीनदा वाचलं, शेजारच्या इंगालाही ऐकवलं. ती म्हणाली, मेल्यावर बढती मिळालेला ऑरिन पहिलाच. दोघी खूप हसलो. पेल्टियरांना सांग, नोकरी नको, आरसे मोजायला मात्र येईन.

ती गेल्यावर त्या चौकटीपाशी अडले. तीन वर्षं झाली, तरी टपालपेटीवर अजून आमची दोघांची नावं आहेत. पेन हातात घेऊन बसून राहिले.

सवडीने लिहीत जा, लोभ कमी करू नकोस.

सांगायचं राहिलं, दुसऱ्या दिवशी चौकटीत 'हो' लिहिलं आणि कागद टपालात टाकून आले.

तुझी काकू